हळू पळायची दोन मिनिटं

बिभीषण गोरड पोलीस भरतीत तीन वेळा पडला. तिसऱ्या वेळी दोन सेकंदांनी. त्यानंतर वयाची अट आडवी आली आणि खाकी अंगावर चढली ती एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या गेटवर, वॉचमनची. सांगोल्याच्या बाजूचं गाव, मेंढरांमागं पळून कमावलेले पाय, आणि ते पाय आता कुठं न्यायचे हे ठाऊक नाही, अशी सोलापुरातली दोन वर्षं त्यानं काढली. मग शेजारच्या खोलीतल्या भरतीच्या दोन पोरांना तो एकदा सहज मैदानावर घेऊन गेला. त्यातला एक लागला. पुढच्या वर्षी अकरा जण आले, त्याच्या पुढच्या वर्षी वीस. शेहेचाळिसाव्या वर्षी, विजापूर रोडच्या पलीकडच्या त्या उघड्या मैदानावर, सगळे त्याला 'गोरड सर' म्हणत होते. सकाळचे दोन तास तो कुणीतरी होता. आठ वाजता गेटवर उभं राहिलं की पुन्हा कुणी नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी तो पोरांकडून चढ-उतार करून घ्यायचा. पुस्तकात त्याला फार्टलेक म्हणतात. पोरं 'फाटलेक' म्हणायची, कारण शेवटापर्यंत सगळ्यांचीच फाटायची. फक्कीनं आखलेल्या गोलावर सगळ्यांनी पळायचं. एक लांब शिट्टी झाली की जोरात, दोन आखूड झाल्या की हळू. आधी एक मिनिट जोरात, मग दोन मिनिटं जोरात, मग तीन, आणि पुन्हा तसंच खाली. प्रत्येक जोराच्या मध्ये दोन मिनिटं हळू. त्या दोन मिनिटांत थांबायचं नाही, चालायचं नाही, कमरेवर हात ठेवायचे नाहीत. पळतच दम परत आणायचा.

नव्या पोरांना तो पहिल्याच दिवशी सांगायचा, "जोरात कोण बी पळतं. मी बघतो ते हळू पळताना."

आणि तो खरंच तेच बघायचा, म्हणजे ऐकायचा. गोलाच्या एका वळणावर, पोरं हातभर अंतरावरून जातील असा उभा राहायचा आणि प्रत्येकाचा श्वास कानावर घ्यायचा. कुणाचा दम पाऊण मिनिटात जागेवर येतो, कुणाचा दुसरी शिट्टी झाली तरी वरच असतो, यावरून तो तोंडावर सांगायचा की तू लागणार, तुला अजून एक वर्ष. बहुतेक वेळा ते खरं व्हायचं. या कानाचा त्याला गर्व होता.

माया त्याच्याकडं आली ती दिवाळीनंतर. आधार कार्डावर माया गुंडा वाघमोडे, घरी मायाक्का. वीस वर्षांची, सडसडीत, सांगोला तालुक्यातलीच, बिभीषणच्या गावापासून तीन कोसांवरची. वडील गुंडा वाघमोडे यांची तीस-चाळीस मेंढरं आणि थोडीशी डाळिंबाची बाग. धाकटी म्हणून तिला शिकू दिलेलं, आणि बारावीनंतर एक वर्ष भरतीसाठी सोलापूरला राहायची परवानगी मिळालेली. एकच वर्ष, असं ठरवून. ती मैदानावरच्याच अंकिता नावाच्या मुलीबरोबर एका खोलीत राहायची.

जोरात पळण्यात तिच्यासारखी पोरगी त्यानं पाहिली नव्हती. लांब शिट्टी झाली की ती सुटायची आणि तीन-चार पोरांना मागं टाकायची. आठशे मीटरला तिला पूर्ण मार्क मिळायला सात सेकंद कमी पडत होते. मार्चपर्यंत ते भरून निघतील, असं त्यानं तिला सांगितलं. विजयमालाला, म्हणजे बायकोलाही, सांगितलं. विजयमाला टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जायची आणि संध्याकाळी नवऱ्याच्या तोंडून पोरांची नावं ऐकत भाकरी थापायची. या हिवाळ्यात तिनं मायाचंच नाव जास्त ऐकलं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी नेहमीच्या वळणावर चिखल झाला होता, कुणाची तरी पाइपलाइन फुटलेली. म्हणून बिभीषण गोलाच्या दुसऱ्या बाजूला, बाभळीच्या आडोशाला जाऊन उभा राहिला. तीन मिनिटांचा जोर संपला, त्यानं दोन आखूड शिट्ट्या दिल्या आणि पोरं हळू झाली. माया समोरून आली. सर इथं उभे आहेत हे तिला माहीत नव्हतं. तिचा श्वास त्यानं आधी ऐकला आणि मग तिला पाहिलं. तो श्वास पळणाऱ्याचा नव्हता. पाण्यातून वर येणाऱ्या माणसासारखी ती हवा ओढत होती, आणि त्यात एक ओलसर खरखर होती.

तिनं त्याला पाहिलं आणि त्याच क्षणी तोंड मिटलं. दहा-बारा पावलं ती श्वास न घेता, ताठ मानेनं त्याच्या समोरून गेली. पुढं गेल्यावर खोकली.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. तीन महिने ती हेच करत होती. त्याच्या वळणावर श्वास रोखून जायची आणि पलीकडं जाऊन सोडायची. ज्या कानाचा तो गर्व करत होता, तो एका पोरीनं दर मंगळवारी-शुक्रवारी फसवला होता.

त्यानं शिट्टी दिली नाही. तिला बाजूला बोलावून मनगट धरलं. दोन मिनिटं झाली, तीन झाली, नाडी खाली येईना. मधेच दोन ठोके एकावर एक पडायचे. ओठांवर जांभळट झाक होती. तिच्या मुठीत रुमाल होता. तो मागितल्यावर तिनं आधी दिला नाही, मग दिला. त्यावर फिकट लालसर डाग होते. हिरड्यांतून येतं, असं ती म्हणाली. अंकितानं मात्र सांगून टाकलं की महिनाभर माया आडवी झोपत नाही, ट्रंकेला उशी लावून बसून झोपते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. दोन दिवस रांगा, तपासण्या, आणि शेवटी पडद्यावर हलणारं तिचं काळीज. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का? नऊ वर्षांची असताना गुडघे सुजलेले, महिनाभर चालता येत नव्हतं, असं माया म्हणाली. गावातल्या डॉक्टरनं इंजेक्शनं दिली आणि बरं वाटलं. बाईंनी मान हलवली. त्याच तापानं आतली एक झडप आखडली होती. रक्त पुढं जायची वाट अरुंद झाली होती आणि ते मागं फुप्फुसात तुंबत होतं. मांडीच्या शिरेतून फुगा आत नेऊन ती झडप मोकळी करता येते. छाती फाडावी लागत नाही, दोन दिवसांत घरी जाता येतं, आणि सरकारी योजनेत सगळं फुकट होतं. तोवर पळणं बंद.

मग त्या दोघांकडं आळीपाळीनं बघत म्हणाल्या, "आणि लग्न, मूल, हे सगळं यानंतर. पोट वाढतं तसं काळजावरचं ओझं वाढतं. ही झडप ते पेलणार नाही. नीट ऐकलंत ना दोघांनी?"

दोघांनी हो म्हटलं. माया सज्ञान आहे, सही ती स्वतः करू शकेल, फक्त सोबत कुणीतरी थांबायला हवं, हेही बाईंनी सांगितलं. पुढच्या बुधवारी या, म्हणाल्या.

दोन दिवसांनी माया कॉलेजच्या गेटवर आली. मैदानातून काढल्याबद्दल ती रागावली असेल, असं त्याला वाटलं होतं. ती रागावलेली नव्हती. उन्हात उभी राहून तिनं हळू आवाजात सांगितलं की घरी कळलं तर ते आपल्याला परत नेतील आणि आधी लग्न लावतील. म्हणून आधी फुगा घालून घ्यायचा आणि मग सांगायचं.

"बुधवारी या की सर माझ्यासंगं. सही मी करते. तुमी नुसतं बसा तितं."

बिभीषणनं रस्त्याकडं पाहिलं. एका वॉचमननं परक्याची तरणी पोर घरी न कळवता दवाखान्यात नेऊन ऑपरेशन केलं, आणि काही कमी-जास्त झालं, तर? मैदान जाईल, नोकरी जाईल, गावाकडं तोंड दाखवायला जागा राहणार नाही. हे सगळं त्याच्या मनात आलं. तिला तो एवढंच म्हणाला, "आधी वडलांच्या कानावर घालू. ते न्हाय म्हनले तर मग बघू."

माया बरं म्हणाली. आणि गेली.

रविवारी तो गुंडा वाघमोडेच्या वस्तीवर गेला. गुंडानं सगळं ऐकून घेतलं.  बाळाबाई, मायाची आई, चुलीजवळ बसून ऐकत होती. पोरगी पळते, पाणी आणते, शेरडं वळते, मग आजारी कुठं आहे, असं तिचं म्हणणं. मांडीतून काहीतरी घालतात हे ऐकल्यावर तर तिनं पदर तोंडाला लावला. लग्नाच्या पोरीला असलं काही केलेलं उद्या कुणाला कळलं, तर दारात कोण येईल? योजनेच्या कागदाला गावातली दहा माणसं लागतात. एका माणसाला कळलं की बाजारात कळतं.

बिभीषणनं एकदा समजावलं, दुसऱ्यांदा समजावलं. बाईंनी बाळंतपणाचं सांगितलेलं तेही सांगितलं. तिसऱ्यांदा बोलायला तोंड उघडलं तेव्हा गुंडानं हात जोडले.

"तुमी तिला मैदानातनं काढलं, लई उपकार झालं. फुडचं आमी बगतो. पन ह्ये हितंच ऱ्हाऊ द्या."

दवाखान्याची फाईल त्यानं बिभीषणच्या हातात परत दिली. घरात नको, म्हणाला. बिभीषण चहा पिऊन निघाला. एसटीत बसल्यावर त्याला हलकं वाटलं, हे त्यानं पुढं कधी विजयमालालाही सांगितलं नाही. आपण जे करायचं ते केलं, असं त्याला वाटत होतं. बुधवार आला आणि गेला. गुरुवारी गुंडा येऊन मायाला, तिच्या ट्रंकेला आणि उशीला घेऊन गेला.

लग्न मे महिन्यात झालं. मुलगा अक्कलकोट तालुक्यातला, मैंदर्गीचा, सोमेश नावाचा. बाजारात त्याचं बी-बियाणांचं दुकान होतं. घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालायच्या. माणसं चांगली होती. पत्रिका बिभीषणलाही आली, नावापुढं 'सर' लिहून.

मांडवात तो कडेला बसला होता. अक्षता पडायला तासभर होता. नवऱ्या मुलाचे चुलते, गुरुसिद्धप्पा, पांढरा फेटा बांधलेले साठीचे गृहस्थ, त्याच्याशेजारी येऊन बसले. त्या घरातला शेवटचा शब्द त्यांचा असायचा. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की हे मुलीचे मास्तर. त्यांनी पाऊसपाण्याची चौकशी केली, मैदानाची केली. मग सहज, तंबाखू मळत, विचारलं, "पोरगी तुमच्याकडं पळायची म्हनं. दमदार हाय न्हवं?"

गुंडा तिथून चार हातांवर उभा होता. पाहुण्यांना टोप्या-टॉवेल वाटत होता. त्याचा हात थांबला. त्यानं मान वर केली नाही.

बिभीषण पुढं पुष्कळदा त्या घटकेचा विचार करायचा. मांडवात पाचशे माणूस होतं. स्वयंपाक उतरला होता. मुलगी आत नटून बसली होती. त्या वेळी खरं बोलला असता तर लग्न मोडलं असतं, गुंडाची अब्रू गेली असती, आणि मायाला पुन्हा कुणी केलं नसतं. हे सगळं खरं होतं. पण त्या घटकेला यातला एकही विचार त्याच्या मनात आला नव्हता, हेही खरं होतं. विचारलं आणि त्याच्या तोंडून निघालं.

"व्हय. लई दमदार पोरगी हाय."

गुरुसिद्धप्पांनी समाधानानं मान हलवली. गुंडानं पुढं होऊन बिभीषणच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि त्याच्या पायाला हात लावला. वयानं मोठा माणूस. बिभीषणनं त्याला अडवलं नाही.

त्या उन्हाळ्यात भरती निघाली. अंकिता लागली. पेढे घेऊन ती मैदानावर आली तेव्हा म्हणाली, माया असती तर ती माझ्यापुढं असती. बिभीषणनं पेढा घेतला आणि पोरांना शिट्टी दिली.

जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, मायाचा फोन आला. पाचवा महिना होता. आधी तिनं सगळ्यांची विचारपूस केली. मग सांगितलं की धुणं घेऊन माडीवर जाताना मधल्या पायरीवर बसावं लागतं. सासू चांगली आहे, पहिलटकरणीला असं होतं म्हणते, बादली उचलू देत नाही. पण पुन्हा बसून झोपावं लागतंय.

बिभीषण म्हणाला, आजच्या आज घरच्यांना सांग.

"मी सांगितलं तर पप्पांनी फसवलं असं हुईल. त्यांना पाहुण्यांच्या बैठकीत बोलावून उभं करतील सर. तुमी सांगा की. तुमचं ऐकतील त्ये."

"सांगतो," तो म्हणाला. सोमेशचा नंबर तिनं दिला. त्यानं तो लिहून घेतला.

लिहून घेतला आणि ठेवला. फोन करायचा म्हणजे मांडवातल्या त्या उत्तराचं काय करायचं, हे त्याला सुचत नव्हतं. उद्या करू, रविवारी करू, समोरासमोर जाऊन सांगू, असे पंधरा दिवस गेले. एकदा त्यानं नंबर लावला. पलीकडं घंटा दोनदा वाजली आणि त्यानं फोन कापला. थोड्या वेळानं सोमेशचाच उलट फोन आला, कोण बोलतंय म्हणून. चुकून लागला, असं बिभीषणनं सांगितलं. मायाला त्यानं कळवलं की नवऱ्याला घेऊन कुठल्याही मोठ्या डॉक्टरकडं जा, ते बघतीलच. तिनं पुन्हा फोन केला नाही.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळच्या शिट्ट्या चालू असताना, अंकिताचा फोन आला. तिची ड्युटी दवाखान्याच्या चौकीवर होती. पहाटे जीपमधून मायाला आणलं होतं. सातवा सरला होता. आडवी करता येत नव्हती, तोंडाला गुलाबी फेस होता.

बिभीषणनं पोरं तशीच गोलावर सोडली. तो पोचला तेव्हा काचेच्या दाराआड तिला नळ्या लावल्या होत्या. दाराच्या फटीतून त्याला तिचे पाय तेवढे दिसले, घोट्यापर्यंत सुजलेले. बाहेरच्या बाकावर सोमेश बसला होता, पायात दोन वेगवेगळ्या चपला. गुंडा आणि बाळाबाई दुपारी आले. डॉक्टरांनी मूल काढलं. मुलगा झाला, मुठीएवढा. माया दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. मुलगा चौथ्या दिवशी.

ती गेल्यावर एक वयस्क डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी सगळ्यांना मिळून विचारलं, हिच्या झडपेचा आजार जुना होता, घरात कुणालाच ठाऊक नव्हतं का? सोमेश म्हणाला, नाही. त्याची आई म्हणाली, नाही. बाळाबाई भिंतीला टेकून खाली बसली. गुंडा फरशीकडं बघत राहिला. बिभीषण चार पावलांवर खांबाला लागून उभा होता. डॉक्टरांनी क्षणभर वाट पाहिली आणि ते आत गेले.

त्या रात्री त्यानं विजयमालाला सगळं सांगितलं: बुधवारचं, मांडवातलं, दोनदा वाजलेल्या घंटेचं.  ती म्हणाली, आता तुम्ही कुणाला सांगणार आणि कुणासाठी?  तरी तेरावा झाल्यावर दोन दिवसांनी तो फाईल घेऊन मैंदर्गीला गेला.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सोमेश पोत्यांच्या थप्पीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली. बिभीषणनं फाईल त्याच्यापुढं ठेवली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. स्वतःचं काही झाकलं नाही. सोमेशनं कागद उघडले. इंग्रजी मजकूर त्याला कळत नव्हता, त्यानं तारीख वाचली.

"ह्ये फेब्रुवारीचं हाय. लगीन मे महिन्यात झालं."

"व्हय."

"किती दिवसांचं काम हुतं?"

"दोन."

सोमेशनं कागद पुन्हा नीट लावून ठेवले. "मला सांगितलं असतं तरी मी केलीच असती तिला," तो म्हणाला. "आधी दवाखाना केला असता, मग लगीन." मग म्हणाला, "खरं म्हंजे काय म्हायती? केली नसती बी. चुलत्यांनी करू दिली नसती. पन ती जिती ऱ्हायली असती की. कुटंबी."

बिभीषणनं हात जोडले. सोमेशला ते बघवेना.

"तुमी आज आलाय ते तुमच्यासाठी आलाय, सर. माझ्यासाठी जानेवारीत यायचं हुतं."

एवढं बोलून तो उठला आणि शटर खाली ओढायला लागला. बिभीषण बाहेर आला. एसटीला दीड तास होता. तो स्टँडवर बसून राहिला. पाणीसुद्धा प्यायला नाही.

पुढच्या मंगळवारी त्यानं मैदानावर सगळ्यांना गोल बसवून माया कशी गेली ते सांगितलं, आपण काय केलं आणि काय केलं नाही तेही. पोरं खाली मान घालून ऐकत होती. मग त्यानं सांगितलं की इथं पळायचं असेल तर काळीज तपासून कागद आणायचा, आणि कागदात काही निघालं तर तो स्वतः घरी येऊन सांगणार. आठ दिवसांत बावीसचे नऊ राहिले. बाकीचे पार्क मैदानाच्या बाजूला दुसऱ्या एका मास्तराकडं गेले. तिथं कुणी कागद मागत नव्हतं. जाणाऱ्यांपैकी एका मुलीच्या बापानं कॉलेजच्या गेटवर येऊन त्याला चार माणसांत विचारलं, एक पोर खाल्लीस, आता किती खाणार? बिभीषणनं गेट उघडून धरलं होतं, ते तसंच धरून ठेवलं.

मे महिन्यात, भर उन्हाचा, गुंडा वाघमोडे त्याच्या खोलीवर आला. मैंदर्गीची माणसं बैठक बोलावणार होती. सगळ्या पाहुण्यांत त्याला उभं करणार होती. आम्हाला आजाराचं माहीत नव्हतं, पोरगी भरतीला पळत होती, असं सरांनी बैठकीत सांगावं, एवढंच त्याचं मागणं होतं. मांडवात सांगितलं तसं.

"न्हाय, गुंडाभाऊ," बिभीषण म्हणाला. "बोलावलं तर येतो. पन आता खरं तेच सांगनार."

गुंडानं फार हट्ट केला नाही. तो तसाच भिंतीला टेकून बसला. विजयमालानं तांब्या-भांडं आणून ठेवलं. मग त्यानं वेगळंच विचारलं. जानेवारीत पोरीनं तुम्हाला फोन केला होता असं अंकिता म्हणाली. ती माझ्यावर रागावली होती का?

बिभीषणला वाटलं, हो म्हणावं. रागावली होती म्हटलं तर या माणसाला निदान शिक्षा भोगल्यासारखं वाटेल.

"न्हाय," तो म्हणाला. "तुमाला कुनी नाव ठेवू नये, म्हनून ती गप बसली."

गुंडानं पाण्याच्या भांड्याकडं पाहिलं, पण हात पुढं केला नाही. गुडघ्यावर हात टेकून तो उठला, दारातल्या चपला पायात घातल्या आणि उन्हात चालू लागला. बिभीषण त्याला स्टँडपर्यंत सोडायला निघाला होता. विजयमालानं त्याचा हात धरला आणि त्याला बसवलं.

बैठक झाली. बिभीषण गेला, उभा राहिला आणि बोलला. गुंडाच्या घराशी सोयरीक करायची नाही असं ठरलं, आणि गोरडच्या मैदानावर आपली पोरं पाठवायची नाहीत असंही. आता मंगळवारी त्याच्याकडं सात पोरं असतात. बाकीच्या दिवशी कधी चार, कधी तीन.